बाकी कोयत्याच्या नावावर: बालाघाटातल्या एका गावाचं २०२० साल

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली, त्यामुळे सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या त्या मुक्या गावात. तशीही आमच्या गावात पाडव्याला माणसं कमीच असतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली घरं अजून परतलेली नसतात. घरी असतात म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळेची लेकरं आणि जनावरं. पाडवा झाला की म्हाताऱ्यांचं लक्ष रस्त्याकडे लागतं, कारण पट्टे पडायची वेळ आलेली असते. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचं गाळप थांबलं, हंगाम संपला.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही. एका कुटुंबाचं त्या वर्षाचं प्रकरण मांडतो. स्थलांतर आणि महामारी यांचा देशाच्या शाश्वत विकासावर काय परिणाम होतो, हा प्रश्न मोठ्या सभागृहांत विचारला जातो. त्याचं उत्तर मला या कुटुंबाच्या उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाच्या, हिशेबात सापडलं.

कुटुंब

नवरा-बायको आणि तीन मुलं. मुलगी तेव्हा आठवीत, वय १४. मधला मुलगा चौथीत, धाकटा तीन वर्षांचा. घरात आजी. जमीन दोन एकर, तीही मुरमाड, पावसावरची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. बाईचं स्वतंत्र नाव ना मुकादमाच्या, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत असतं ना कारखान्याच्या. मजुरी नवऱ्याच्या हिशेबात धरली जाते.

२०१९च्या श्रावणात त्यांनी मुकादमाकडून ८० हजारांची उचल घेतली. त्यातले निम्मे आधीच्या हंगामाच्या बाकीत आणि आजीच्या दवाखान्यात गेले. बाकीचे बियाणं, किराणा आणि घरावरच्या पत्र्यांत. म्हणजे निघण्याआधीच पैसे संपले होते आणि काम अजून सुरू व्हायचं होतं. ही उचल फेडण्यासाठी कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर जायचं ठरलं. मुलगी आजीजवळ राहिली, शाळेच्या हंगामी वसतिगृहात दोन वेळ जेवत होती. दोन्ही मुलगे आई-बापासोबत गेले.

त्या हंगामाची घडी टाळेबंदीच्या कितीतरी आधी विस्कटली होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. २०१८च्या दुष्काळात मराठवाड्यातला आणि सोलापूरकडचा ऊस वाळला, बराचसा चाऱ्याला गेला. पुढच्याच ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, कोल्हापूर-सांगलीचे फड पाण्याखाली राहिले. कारखाने उशिरा सुरू झाले. राज्याचं साखर उत्पादन २०१८-१९ मध्ये १०७ लाख टन होतं, ते २०१९-२० मध्ये ६२ लाख टनांच्या आसपास आलं. साखर कमी झाली की सगळे कारखान्याचा तोटा मोजतात. पण ऊस कमी म्हणजे तोड कमी, तोड कमी म्हणजे उचल फिटत नाही. तेव्हा टनाला साधारण २३९ रुपये मजुरी होती. एका कोयत्याने पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून दिवसाला दोन टन तोडला तर दोघांचे मिळून ४७८ रुपये. असे शंभर दिवस भरले तरी ४८ हजारांच्या आत. आजारपणात दिवस गेला तर खाडा, त्याचा दंड वेगळा. आठवड्याची खर्ची, म्हणजे खाण्यापिण्याला मिळणारे पैसे, वेगळी, तीही उचलीत मिळवली जाते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून थोडं मिळतं, ते मीठ-मिरचीला.

म्हणजे मार्च उजाडला तेव्हाच या घराच्या नावावर चाळीस हजारांच्या पुढे बाकी दिसत होती. कोल्हापूरचा पूर असा धारूरच्या डोंगरातल्या घरावर चढला होता.

अड्ड्यावर

टाळेबंदीत साखर कारखान्यांना सूट होती. त्यामुळे सगळा देश घरात बसलेला असताना यांची तोड चालूच होती. मोबाइलवर माणसांनी एकमेकांपासून लांब राहण्याच्या सूचना येत होत्या आणि इकडे एका ट्रॅक्टरला दहा-बारा कोयते खांद्याला खांदा लावून मोळ्या भरत होते. राहायला अड्ड्यावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या, एकीला लागून एक. प्यायला आणि धुवायला पाणी एकाच टाकीचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्टा पडला आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. काम संपलं, गावी जायला वाहन नाही, जिल्ह्यांच्या सीमांवर नाके. संध्याकाळी मुलीच्या बापाचा फोन आला.

“गुर्जी, पट्टा पडलाय. मुकादम म्हणतोय थांबा. गावात येऊ देतेल का आमाला?”

मी म्हणालो, “का नाही येऊ देणार? तुमचंच गाव आहे, भाऊ.” हे म्हणताना मला गावातली हवा पुरती कळली नव्हती.

दोन आठवडे ते अड्ड्यावरच होते. मजुरी नाही, खर्ची चालू. तो खर्च कोणाचा हे कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून तो आपोआप उचलीत गेला. मोफत तांदूळ एप्रिलपासून सुरू झाला होता, माणशी पाच किलो, पण त्यांचं शिधापत्रिकेचं दुकान आमच्या गावात होतं. राज्यात कुठेही धान्य घेता येईल अशी सोय कागदावर झालेली होती. अड्ड्यावर मात्र कोणाला ती माहीत नव्हती, आणि अड्ड्यापासून दुकान कुठे हेही माहीत नव्हतं. आई-बाप आणि दोन मुलगे चौघंही तिकडे असल्याने त्या महिन्याचं त्यांचं धान्य घरात आलं नाही.

१७ एप्रिलला सरकारचा आदेश निघाला. वैद्यकीय तपासणी करून ऊसतोड मजुरांना गावी जाऊ द्यायचं ठरलं. त्या वेळी ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचा आकडा सांगितला गेला. माझ्या आठवणीत, ऊसतोड मजूर कुठे आणि किती आहेत हे सरकारने मोजून सांगितल्याची ती पहिलीच वेळ. राज्यातली एकूण संख्या दहा लाखांच्या पुढे सांगतात, पण तो सगळा अंदाज. माणसं मोजायला साथ यावी लागली, याची खंत मला आजही वाटते.

वेशीवर

ट्रॅक्टर पोचला तेव्हा गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. आदल्या दिवशी पारावर बैठक झाली होती. “गावात घेऊ नका” म्हणणाऱ्यांत असे लोक होते ज्यांचे सख्खे भाऊ त्याच ट्रॅक्टरमध्ये होते. त्यांना दोष देणं सोपं आहे. टीव्हीवर दिवसभर मरणाचे आकडे, गावात दवाखाना नाही, सगळ्यात जवळचं उपकेंद्रही कोसांवर. भीती खरी होती. मुलीची आजी मात्र काट्यांजवळ जाऊन म्हणाली, “माझी लेकरं येशीला उभी ठिवायची व्हय?”

शेवटी शाळेत १४ दिवस ठेवायचं ठरलं. हे ठरवणाऱ्या समितीवर मी होतो आणि मीच सुरुवातीला विरोध केला होता, हे लिहून ठेवतो. शाळेला दोन खोल्या, एक संडास आणि एप्रिलमध्ये कोरडा पडलेला हापसा. त्यात ३४ माणसं. सारखे हात धुवा हा सल्ला मी फळ्यावर लिहून काढला आणि पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येत होता. जलजीवन मिशन २०१९च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं लक्ष्य आहे. आमच्याकडे त्या एप्रिलमध्ये माणशी एक घागर आली तर तो दिवस बरा. शेवटी निम्मी कुटुंबं आपापल्या शेतात झाडाखाली राहिली. तिथे विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं.

त्या १४ दिवसांत गावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीने, आमच्या आशाताईंनी, धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड पाहिलं. दीड वर्षाच्या वयानंतरच्या नोंदी नव्हत्या. गावातल्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये तो सहा महिने ‘स्थलांतरित’ आणि कारखान्याकडच्या अंगणवाडीत त्याचं नावच नाही. त्याच्या आईचं पोट दोन वर्षांपासून दुखत होतं. आशाताईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, पिशवी काढून टाकायचा विचार आहे, खाडे तरी पडणार नाहीत. हे ऐकून मी हादरलो, पण मला नवल वाटायला नको होतं. २०१९च्या जूनमध्येच विधान परिषदेत सरकारने सांगितलं होतं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. आमच्या बायकांच्या शरीराचा हिशेब महामारीच्या आधीपासूनच असा चाललेला होता.

रोजगार हमीचं गणित

मे महिन्यात गावात एवढे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते. रोजगार हमीची कल्पना १९७२च्या दुष्काळात याच राज्यात उभी राहिली. पुढे देशाने तिचा कायदा केला, तोच मनरेगा. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला २३८ रुपये झाली. नवरा-बायको दोघांचे ४७६. आता वरचा ऊसतोडीचा हिशेब आठवा: दोघांचे ४७८. दोन रुपयांचा फरक.

मी हा हिशेब त्या घरात बसून मांडला. आपल्याच गावात, आपल्या घरात झोपून, लेकरं शाळेत ठेवून जवळजवळ तेवढेच पैसे. मग कोल्हापूरला कशाला जायचं? मुलीच्या बापाने शांतपणे सांगितलं, “मस्टरवर नाव लागंल, पर पैसं कवा पडतेल? मुकादम पैसं आदी देतो, गुर्जी.”

या एका वाक्यात माझी समजूत बदलली. तोवर मी समजत होतो की लोक मजुरीसाठी जातात. ते उचलीसाठी जातात. बँक त्यांना उभं करत नाही, सोसायटीचं कर्ज जमिनीवर मिळतं आणि जमीन दोन एकर मुरूम. लग्न, आजारपण, बियाणं यांसाठी पावसाळ्याच्या तोंडी एकरकमी पैसा देणारा डोंगरात एकच माणूस आहे. त्या पैशाचं तारण म्हणजे पुढच्या सहा महिन्यांचं शरीर. तेव्हा रोजगार हमीत वर्षाला १०० दिवसांची केंद्राची हमी होती, पण ती आधी पैसे देत नव्हती, आणि काम मागूनही ते वेळेवर निघेल याची खात्री नसायची. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात एका पाझर तलावाचा गाळ काढायचं काम निघालं. या जोडप्याला १९ दिवस मिळाले. पैसे जुलैत आले. तोवर पेरणीसाठी मुकादमाकडून पुन्हा ४० हजार घेऊन झाले होते, जुनी बाकी पुढे ओढून.

दुसऱ्या बाजूचा मराठवाडा

आपण मराठवाड्याला फक्त माणसं पाठवणारा भाग समजतो. ८ मे २०२०च्या पहाटे ते चुकीचं असल्याचं दिसलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे चालत निघाले होते, तिथून श्रमिक रेल्वे मिळेल म्हणून. करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी सगळ्या देशाने पाहिल्या.

आमच्या गावात ती बातमी आली तेव्हा शाळेत ठेवलेली माणसं नुकतीच घरी गेली होती. बायका रडल्या. त्यांना त्या भाकरी ओळखीच्या वाटल्या. जालना मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाच्या मजुरांना जसं वागवतं तसंच कोल्हापूर बीडच्या मजुरांना वागवतं. दोन्हीकडे मजूर गावचा राहत नाही आणि कारखान्याचाही होत नाही. २०२० मध्ये लागू असलेला १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता सांगत होता, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. बीडहून बेळगावला गेलेला कोयता त्यात येत होता. बीडहून कोल्हापूरला गेलेला येत नव्हता, मधलं अंतर तीनशे किलोमीटरच्या वर असलं तरी. आणि दोघांच्याही बाबतीत कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची.

मुलगी

या प्रकरणातला मला सगळ्यात जड जाणारा भाग हा.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबरअखेर सुरू झाले, पण तोवर दिवाळी होऊन कोयते गेले होते. यंदा वसतिगृह कधी उघडेल हे मी सांगू शकत नव्हतो. आजीची तब्येत ढासळलेली. घरात एकच साधा फोन, ऑनलाइन अभ्यासाचा प्रश्नच नाही. १५ वर्षांच्या पोरीला मागे ठेवायला आई तयार नव्हती, आणि तिची भीती मला समजते. नववीत गेलेली मुलगी आई-बापासोबत अड्ड्यावर गेली. स्वयंपाक, धाकट्याला सांभाळणं, दुपारी मोळ्या बांधायला मदत.

त्या ऑक्टोबरात मजुरीच्या वाढीसाठी ऊसतोड कामगारांनी संप केला आणि सरासरी १४ टक्के वाढ मिळाली. टनाला २३९चे २७३ झाले. पाऊसही चांगला झाला होता, हंगाम भरपूर चालला. राज्याचं साखर उत्पादन पुन्हा १०६ लाख टनांवर गेलं. साखरेच्या आकड्यात २०१९-२०चा खड्डा एका वर्षात भरून निघाला. या घराचा खड्डा भरला नाही. २०२१च्या मे महिन्यात ते परत आले तेव्हा बाकी थोडी उतरली होती आणि मुलीची सोयरीक जमली होती. लग्न झालं की नवा कोयता होतो आणि मुलाकडच्यांना नव्या कोयत्याची उचल मिळते. टाळेबंदीत लग्न पंचवीस माणसांत उरकतं, खर्च वाचतो, हेही बोलण्यात होतं.

मी ग्रामसेवकाला कळवलं, १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन केला. लग्न थांबलं. सहा महिने त्या घराने माझ्याशी बोलणं सोडलं. मुलगी नववीत परत बसली नाही. पुढच्या हंगामात ती चुलत्याबरोबर अर्धा कोयता म्हणून गेली.

इथे एक सावधगिरी. बालविवाहाचं सगळं खापर महामारीवर फोडू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांआधी झालेलं होतं. राज्यात हे प्रमाण २१.९ टक्के होतं. महाराष्ट्रातलं त्या सर्वेक्षणाचं काम साथीच्या आधी, २०१९ मध्ये झालं. महामारीने नवी वाट पाडली नाही. त्या वाटेवर शाळा आणि वसतिगृह असे जे दोन अडसर होते ते काढून घेतले.

निर्देशांक

२०२१च्या जूनमध्ये नीती आयोगाचा शाश्वत विकास निर्देशांक आला. देशाचे गुण ६० वरून ६६ झाले होते. दुसऱ्या लाटेत आमच्या तालुक्यात रोज कोणी ना कोणी दगावत होतं आणि त्याच महिन्यात हे छापून आलं. आकडे खोटे नव्हते. त्यांतले बरेचसे साथीपूर्वीचे होते आणि निर्देशकही थोडे बदललेले होते. पण मला खरी अडचण दुसरी वाटते. हे मोजमाप माणसाला त्याच्या पत्त्यावर शोधतं. आमच्या मुलीचं शिक्षण बीडच्या खात्यात, तिच्या आईची मजुरी कोणाच्याच खात्यात नाही, धाकट्याच्या लसी दोन जिल्ह्यांच्या मधे कुठेतरी. शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांत सुरक्षित स्थलांतराचं वेगळं लक्ष्य आहे, दहाव्या उद्दिष्टातलं सातवं. गावातून माणसं जाताना आणि येताना नोंद ठेवणारी एकही वही नसेल, तर त्या लक्ष्यापर्यंत आपण पोचलो की नाही हे २०३० मध्ये कळायचं कसं?

पाण्याचं तर बोलायलाच हवं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि २०२१-२२ मध्ये याच मराठवाड्यात इतका ऊस झाला की जूनपर्यंत तो फडात उभा होता. त्या वर्षी राज्यात १३७ लाख टन साखर झाली. शेतकरी तोडीसाठी मुकादमांच्या मागे फिरत होते आणि आमच्या डोंगरातले कोयते तिकडे साडेतीनशे किलोमीटरवर अडकलेले होते, कारण उचल तिकडची होती. पाणी कमी असलेल्या भागाने ऊस वाढवायचा, त्याच भागातली माणसं ऊस तोडायला दूर जायची, आणि दुष्काळ पडला की दोन्ही कोलमडायचं. कोरोना नसता तरी हे टिकणारं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर

काही गोष्टी झाल्या. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं काम सुरू झालं. २०२४च्या जानेवारीत मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. तीनही गोष्टी मोलाच्या आहेत. उचलीला मात्र अजून कोणी हात लावलेला नाही. हंगामाआधी कमी व्याजाचं, मुकादमाशिवायचं कर्ज मिळालं आणि पूर, दुष्काळ किंवा साथीने बुडालेले दिवस कारखान्याच्या माथी पडले, तर या घराचा २०२०चा हिशेब वेगळा झाला असता. मला सगळ्यात तातडीचं काम तेच वाटतं.

मुलीचं लग्न १८ पूर्ण झाल्यावर, २०२४ मध्ये झालं. ती आता नवऱ्यासोबत तोडीला जाते. मधला मुलगा शाळेत टिकला, वसतिगृहात राहतो. आईने पिशवी काढली नाही. आशाताईंनी तिला अंबाजोगाईला नेऊन उपचार सुरू केले, पोटात सूज होती, औषधाने उतरली.

मी दर दसऱ्याला गावातून जाणाऱ्यांची यादी करतो. कोण, किती लेकरं, कोणता कारखाना, मुकादमाचा फोन, गरोदर बाई आहे का, कोणत्या लसी राहिल्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक आशाताईंकडे. दोन वर्षांपूर्वी आशाताईंनी ती यादी कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या आशांना फोनवर वाचून दाखवली आणि आमच्या गावच्या पाच मुलांना अड्ड्यावर जाऊन लसी टोचल्या गेल्या.